तोलून धरणारा शब्द

'टॉलरंट' म्हणजे सहिष्णु, एवढे शब्दकोश सांगतो. पण या शब्दाचे मूळ खणत गेले की हाताला लागतो तो आपला तराजू.

लॅटिनमधल्या 'तोलेरारे' या क्रियापदाचा अर्थ भार पेलणे, सोसणे. त्याच्या मागे 'उचलणे' या अर्थाचा एक धातू आहे. तो कुठेही लिहिलेला सापडत नाही. भाषाशास्त्रज्ञांनी बहीणभाषा शेजारी ठेवून तो पुन्हा उभा केला. ग्रीकमध्ये त्यापासून 'तालान्तोन' म्हणजे तराजू झाला आणि संस्कृतात 'तुल्'. तुला, तुल्य, अतुल, आपले तोलणे, सगळी त्याचीच लेकरे. घराचा डोलारा कुणीतरी 'तोलून धरला' असे आपण म्हणतो, तेव्हा तो जुना अर्थ मराठीत अजून जिवंत असतो.

इंग्रजीकडे याच धातूचा स्वतःचा शब्दही होता: 'थोल', म्हणजे सोसणे. लॅटिन आणि संस्कृतातल्या 'त'च्या जागी इंग्रजीत 'थ' येतो. आपला 'त्रि' तिकडे 'थ्री' होतो, तसाच हा. स्कॉटलंडच्या बोलीत 'थोल' आजही टिकून आहे. प्रमाण इंग्रजीने मात्र लॅटिन कुळातला शब्द आपलासा केला आणि 'टॉलरंट' हे विशेषण अठराव्या शतकात रूढ झाले.

त्याआधी, १६८९ मध्ये, इंग्लंडने 'टॉलरेशन'चा कायदा केला होता. अधिकृत चर्चपासून वेगळ्या झालेल्या प्रोटेस्टंट पंथांना त्याने उपासनेची मुभा दिली, कॅथलिकांना नाही. तिथे या शब्दाचा अर्थ 'चालवून घेणे' इतकाच होता, आणि मला तो तोकडा वाटतो.

आपला 'सहिष्णु' तर अंगात बळ असलेला शब्द आहे. वेदांमध्ये 'सह्' म्हणजे जिंकणे, वरचढ होणे. 'सहस्' म्हणजे सामर्थ्य. ऋग्वेदात अग्नीला 'सहसः सूनुः', बळाचा पुत्र, म्हटले आहे. जर्मनमधला विजयवाचक 'झीग' याच कुळातला. सोसण्याचा अर्थही याच धातूत आहे: समोरून आलेल्या जोराला जो पुरून उरतो, तोच सोसू शकतो. 'इष्णु' हा प्रत्यय स्वभाव दाखवतो. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेतला 'वर्धिष्णु' आठवा, वाढत जाणे हाच जिचा स्वभाव ती. हा प्रत्यय सांगताना पाणिनीने वृध् आणि सह् हे दोन्ही धातू एकाच सूत्रात, शेजारी शेजारी ठेवले आहेत.