आगंतुक विषाणूंची रेणवीय चाचणी

लस, मोनोक्लोनल प्रतिपिंडे यांसारखी जैविक औषधे जिवंत पेशींत तयार होतात. त्या पेशींतून, किंवा त्या वाढवताना वापरलेल्या वासराच्या सीरममधून, पेशी सुट्या करणाऱ्या डुकराच्या ट्रिप्सिन या विकरातून नको असलेला विषाणू औषधात शिरू शकतो. असा आगंतुक विषाणू प्राण्यांना न टोचता त्याच्या डीएनए किंवा आरएनएवरून ओळखणे, ही रेणवीय चाचणी.

जुन्या रीतीत नमुना प्रौढ उंदीर, गिनिपिग, कोंबडीची फलित अंडी आणि जन्मून 24 तासही न झालेली उंदरांची पिल्ले यांना टोचतात. पिल्लांच्या मेंदूत आणि पोटात सुई जाते. मग कोण आजारी पडते, कोण मरते याची नोंद ठेवतात. एवढ्या यातना देऊनही हाती येते ते तोकडेच, कारण त्या प्राण्याला बाधणारा विषाणूच सापडतो. पेशीसंवर्धनातही हीच अडचण येते. पोलिओ लशीत शिरलेला एसव्ही40 हा माकडांचा विषाणू ऱ्हीसस माकडाच्या मूत्रपिंडपेशींत काहीही खूण न दाखवता वाढत असे. 1960 मध्ये आफ्रिकी हिरव्या माकडाच्या पेशींत त्याने पोकळ्या पाडल्या, तेव्हा तो उघडकीस आला. तोवर कोट्यवधी लोकांचे लसीकरण झाले होते.

टोचलेल्या उंदरांत विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात का, हे पाहणाऱ्या चाचणीला पीसीआर, म्हणजे ठरावीक जनुकीय तुकड्याच्या असंख्य प्रती काढून तो ओळखण्याची रीत, हा पर्याय आहे. मात्र कोणता विषाणू शोधायचा हे आधी ठाऊक हवे. उच्च क्षमतेच्या सिक्वेन्सिंगला, म्हणजे जनुकीय क्रमवाचनाला, तेही लागत नाही. नमुन्यातले सगळे जनुकीय तुकडे वाचून ते ज्ञात विषाणूंच्या क्रमांशी ताडले जातात. 2010 मध्ये विषाणू संशोधक एरिक डेलवार्ट यांच्या गटाने आठ लशी अशा तपासल्या, तेव्हा रोटारिक्स या रोटाव्हायरस लशीत डुकरांतील सर्कोव्हायरस-1 चा डीएनए आढळला. हा विषाणू माणसांत रोग करत नाही, पण रूढ चाचण्यांतून तो निसटला होता.

सापडलेला तुकडा मेलेल्या विषाणूचाही असू शकतो. म्हणून नमुना पेशींना देऊन त्यांत विषाणूचा नवा आरएनए तयार होतो का, हे पाहावे लागते.

आयसीएच ही औषधांचे नियम देशोदेशी जुळवणारी आंतरराष्ट्रीय परिषद आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये स्वीकारलेल्या तिच्या क्यू5ए(आर2) मार्गदर्शिकेने प्राणिचाचण्यांऐवजी सिक्वेन्सिंगला मान्यता दिली आणि दोन्हींची थेट तुलना करण्याची अपेक्षाही ठेवली नाही. हे योग्यच झाले. तशा तुलनेसाठी पुन्हा प्राण्यांनाच टोचावे लागले असते. आधीच परवाना मिळालेल्या उत्पादनांची चाचणी बदलायची तर मात्र देशोदेशीच्या नियामकांची मंजुरी वेगवेगळी घ्यावी लागते, त्यामुळे हा बदल सावकाश होतो आहे.