मागील सस्पेन्शनचे बुश बदलणे

मोटारीची मागील चाके सांगाड्याशी जोडणाऱ्या आर्म व लिंक यांच्या टोकांतील रबरी बुश जीर्ण झाल्यावर ते काढून नवे दाबून बसवण्याचे काम. बुश म्हणजे एकात एक असलेल्या दोन धातूच्या नळ्या आणि त्यांच्यामध्ये कायमचे चिकटवलेले रबर. आतली नळी बोल्टने आवळून स्थिर करतात, बाहेरची आर्मच्या भोकात घट्ट बसते. त्यामुळे चाक वरखाली होताना नळ्या घसरत नाहीत, मधले रबरच पिळवटते. कामाची सारी पद्धत या एका गोष्टीवर ठरते.

मर्सिडीज-बेंझने १९८२ साली १९० या मोटारीत प्रत्येक चाकाला पाच लिंक देणारी मागील रचना आणली. तीच पुढे त्याच कंपनीच्या डब्ल्यू १२४ या मोटारींच्या मालिकेत आली आणि १९९५ साली ही मालिका पुण्यातही बनू लागली. लिंक जितक्या अधिक, तितके बुशही अधिक. एकच बुश बदलला तर नवा ताठ आणि शेजारचे सैल असा प्रकार होतो. म्हणून निदान दोन्ही बाजूंचे सारखे बुश एकाच वेळी बदलावेत.

गोव्यात हे काम अधिक कष्टाचे होते. बार्देश, तिसवाडी, सासष्टी या किनाऱ्यालगतच्या तालुक्यांत खारी हवा आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस यांमुळे बोल्ट आतल्या नळीला गंजून धरतो. नट सहज सुटतो, बोल्ट मात्र तसूभरही हलत नाही, आणि पाना लावून फिरवू गेल्यास नळीही त्याच्याबरोबर फिरून जुने रबर फाटते. आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल सोडून ठेवावे. तरीही बोल्ट न निघाल्यास तो करवतीने कापून नवा घालणे, हातोड्याने ठोकून आर्म वाकवण्यापेक्षा कधीही चांगले.

बुश गेल्याची खूण म्हणजे खड्ड्यात मागून येणारा बोदा ठोका, टायरची एकाच कडेने होणारी झीज, आणि अनमोडसारख्या घाटात वळणावर ॲक्सिलरेटर सोडताच मागचा भाग किंचित बाजूला सरकल्याचा भास. पहारीने आर्म हलवून पाहिला की रबर नळीपासून सुटलेले स्पष्ट दिसते.

आर्म काढताना दबलेली स्प्रिंग तिला दाबून धरणाऱ्या योग्य साधनाशिवाय, म्हणजे स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय, सोडवणे जिवावर बेतू शकते. आर्म काढल्यावर बुश प्रेसवर दाबून काढतात. प्रेस नसलेली गॅरेजे हे काम लेथवाल्याकडे देतात. नवा बुश बसवताना साबणाचे पाणी वापरावे, कारण ग्रीसने साधे रबर फुगते. काही बुशांच्या रबरात पोकळ्या असतात. त्यांची दिशा जुन्या बुशावरून आधीच खूण करून ठेवावी. पॉलियुरेथेनचे बुश टिकाऊ म्हणून सुचवले जातात, परंतु ते रस्त्याचा खडखडाट आत आणतात आणि अशा मोटारीचा मऊपणाच हरवतो.

सर्वाधिक चुका शेवटी होतात. गाडी जॅकवर, चाके लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळले, तर गाडी खाली उतरताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुश अकाली फाटतो. म्हणून बोल्ट आधी हलकेच लावावेत, गाडीचे वजन चाकांवर घ्यावे, मागून दोन-तीनदा दाबून तिला नेहमीच्या उंचीवर बसू द्यावे आणि मगच टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, नेमून दिलेल्या मापाने आवळावेत. स्वयंबंद, म्हणजे आपोआप सैल न होणारे, नट पुन्हा वापरू नयेत. त्यानंतर चारही चाकांचे अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणे, करावे, कारण या रचनेत मागील चाकांचा टो, म्हणजे वरून पाहता चाक आत किंवा बाहेर वळलेले असण्याचे माप, हेसुद्धा जुळवावे लागते.