विश्रामबाग (सांगली)

विश्रामबाग : सांगली शहराचे पूर्वेकडील मोठे उपनगर. सांगली-मिरज रस्त्याच्या दोन्ही अंगांना ते पसरले असून सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेच्या हद्दीत येते. कागदोपत्री विश्रामबाग म्हणजे एका चौकाभोवतीच्या काही कॉलन्या. बोलण्यात मात्र नेमिनाथनगर, विजयनगर, शंभर फुटी रस्ता, कुपवाडकडे वळणाऱ्या रस्त्याची सुरुवात, सगळेच ‘विश्रामबागला’ असते. वानलेसवाडी कुठे सुरू होते हे रिक्षावाल्याला ठाऊक असते, नकाशाला असेलच असे नाही.

पुण्याच्या सदाशिव पेठेत दुसऱ्या बाजीरावासाठी बांधलेल्या विश्रामबागवाड्याशी या ठिकाणाचा गोंधळ करू नये. सांगलीचे पटवर्धन पेशव्यांचेच सरदार, त्यामुळे नावांचे वळण सारखे दिसले तर नवल नाही. पण सांगलीकराच्या डोळ्यांपुढे विश्रामबाग म्हटल्यावर वाडा येत नाही, कॉलेज येते. त्याचे कारण या उपनगराच्या जन्मात आहे.

मूळ सांगली नदीकाठची. सहा गल्ल्यांची म्हणून सांगली, अशी एक लोकप्रिय व्युत्पत्ती सांगतात. खरी असो वा नसो, गाव लहान होते एवढे तिच्यातून कळते. १८०१ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन चुलत्यांशी बेबनाव होऊन मिरजेतून बाहेर पडले आणि कृष्णाकाठच्या या गावात त्यांनी आपली राजधानी केली. गणेशदुर्ग, नदीकाठचे गणपती मंदिर आणि त्यांच्या आधाराने वाढलेल्या पेठा ही त्या राजधानीची ठेवण. गावभाग, खणभाग, वखारभाग, कापड पेठ, गणपती पेठ, हरभट रोड हे सगळे नदीपासून चालत जाण्याच्या अंतरात. हळदीचा व्यापार वाढला तोही इथेच. हळद साठवायची पेवे मात्र कृष्णा-वारणा संगमाजवळच्या हरिपूरला जमिनीत खणलेली. घाट, देऊळ, बाजार आणि दरबार एका हाकेच्या अंतरावर असलेल्या गावाला उपनगराची गरज पडत नाही.

शिवाय ते फार मोठे गावही नव्हते. १९०१ च्या जनगणनेत सांगलीची लोकसंख्या १६,८२९ होती आणि मिरजेची १८,४२५. म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभी मिरज हेच मोठे शहर होते, रेल्वेचे जंक्शनही तेच. पुणे-मिरज हा मीटरगेज मार्ग सांगली गावाला बगल देऊन माधवनगरवरून जात असे. १९०७ मध्ये मिरज-सांगली फाटा झाला तेव्हा कुठे गाडी गावापर्यंत आली. पुढे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रॉडगेज झाल्यावर मुख्य मार्गच सांगलीतून नेण्यात आला. जुन्या फाट्याची आठवण म्हणून शहरात स्टेशन चौक उरला आहे. त्या चौकात स्टेशन नाही, आणि नव्या माणसाला हे रिक्षातून उतरल्यावर समजते. नव्या मार्गावर सांगली व मिरज यांच्या दरम्यान विश्रामबाग नावाचे लहानसे स्थानक आहे. उपनगराच्या वाढीत त्याचा वाटा मात्र बेताचा. इथले लोक एसटी, सिटी बस आणि सहा आसनी रिक्षा यांवर वाढले.

सांगली आणि मिरज या दोन राजधान्यांच्या मधल्या, सुमारे दहा किलोमीटरच्या पट्ट्यात तेव्हा शेतीच होती. त्या पट्ट्यात पहिल्यांदा मोठी वर्दळ आणली ती शिक्षणाने आणि आजारपणाने. पूर्वेच्या टोकाला, मिरजेच्या बाजूस, मिशन रुग्णालयाचे डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या पुढाकाराने क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. क्षयावर औषध नव्हते त्या काळात मोकळी हवा हाच उपचार, म्हणून जागा गावापासून लांब. आजची वानलेसवाडी हे त्या डॉक्टरांचेच नाव. पश्चिमेच्या बाजूला १९१९ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीने विलिंग्डन महाविद्यालय सुरू केले. पुण्यात फर्ग्युसन चालवणाऱ्या संस्थेचे हे दक्षिण महाराष्ट्रातले कॉलेज. नाव मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांचे. दोन्ही शहरांना सारख्याच अंतरावर, म्हणजे दोन्ही शहरांतल्या मुलांना सारखेच लांब. पोरे सायकलवर येत, परगावची वसतिगृहात राहत. कॉलेजचा वावर केवळ मराठी नव्हता. मुंबई इलाख्यातले कन्नड जिल्हे फार दूर नव्हते, आणि पुढे ज्ञानपीठ पुरस्कार मिळालेले कन्नड कवी वि. कृ. गोकाक यांनी इथे प्राचार्यपद सांभाळले होते.

दुसरी मोठी संस्था १९४७ सालची. धोंडूमामा साठे यांच्या खटपटीतून न्यू इंजिनिअरिंग कॉलेज निघाले आणि १९५५ मध्ये उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या नावाने ते वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. स्वातंत्र्याच्या वेळी अभियांत्रिकी महाविद्यालये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, हे ध्यानात घेतले तर एका संस्थानी गावाच्या वेशीबाहेर असे कॉलेज असणे किती मोठे होते ते कळेल. दोन्ही संस्थांची आवारे ऐसपैस. रस्त्याने जाताना आजही घरांची दाटी एकदम थांबते आणि झाडांची सुरू होते, ती या आवारांमुळे. विश्रामबागेला ‘बाग’ म्हणण्याजोगे जे काही शिल्लक आहे ते बरेचसे कॉलेजांच्या कुंपणाआड आहे.

कॉलेज आले की प्राध्यापक येतात, प्राध्यापकांना घरे लागतात, घरांना दूधवाला, इस्त्रीवाला, किराणा लागतो. या क्रमाने पहिली वस्ती झाली. त्यात १९४८ मध्ये सांगली संस्थान विलीन झाले आणि १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडील तालुके व आसपासच्या संस्थानांचा मुलूख मिळून दक्षिण सातारा जिल्हा बनला. मुख्यालय सांगली. २१ नोव्हेंबर १९६० रोजी जिल्ह्याचे नावही सांगली झाले. राजाची राजधानी कलेक्टरची राजधानी झाल्यावर नोकरदारांचा एक नवा वर्ग गावात आला. पेठेतल्या वाड्यात चौक, ओसरी आणि भाऊबंद असतात. बदली होऊन आलेल्या साहेबाला ते परवडत नाही. त्याला दोन खोल्या, स्वतंत्र नळ आणि पुढे थोडे अंगण हवे असते. सहकारी गृहनिर्माण संस्थांचे टुमदार बंगले याच गरजेतून उभे राहिले. नारळ, जास्वंद, फाटकावर नावाची पाटी आणि कुत्र्यापासून सावध राहण्याची सूचना, ही त्या पिढीच्या विश्रामबागेची खूण. अजून काही गल्ल्यांत ती दिसते. बाकीच्यांत तिच्या जागी अपार्टमेंट आले आणि नारळ पार्किंगमध्ये गेला.

सहकाराने आणलेला पैसाही याच दिशेला वळला. वसंतदादा पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिलेला साखर कारखाना, मिरज रस्त्यावरचे मार्केट यार्ड, कुपवाडची औद्योगिक वसाहत यांनी शहराचा तोल पूर्वेला झुकवला. हळदीचे सौदे यार्डात होऊ लागल्यावर व्यापारी कुटुंबेही पेठ सोडून रस्त्यालगत सरकली. पुढच्या काळात तासगाव, कवठेमहांकाळ, जत, आटपाडीकडची घरे मुलांच्या दहावी-बारावीसाठी इथे दुसरे बिऱ्हाड करू लागली. बाप गावी द्राक्षाच्या नाहीतर डाळिंबाच्या बागेत, आई आणि मुले विश्रामबागच्या फ्लॅटमध्ये, ही व्यवस्था जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

वाढीचा दुसरा चेहरा मात्र टुमदार नाही. विश्रामबागच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला, शंभर फुटी रस्त्याच्या पलीकडे, काळ्या रानात प्लॉट पाडले गेले. शेतकऱ्याकडून गुंठ्यावर जमीन घ्यायची, चुन्याच्या फक्कीने रेघा मारायच्या, मुरमाचा एक थर टाकून त्याला रस्ता म्हणायचे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर; हमाल, गवंडी, शिपाई, कारखान्यातला कामगार यांना परवडणारे माप हेच होते. बिगरशेती परवाना नाही, मंजूर रेखांकन नाही, सातबाऱ्यावर दहा-वीस जणांची सामाईक नावे. अशा घराला गटार कोण देणार? याला गुंठेवारी म्हणतात, आणि सांगलीइतका हा शब्द घरोघरी पोचलेली शहरे महाराष्ट्रात थोडी असतील. अशी बांधकामे नियमित करण्यासाठी राज्याने २००१ मध्ये गुंठेवारी अधिनियम केला. त्यात १ जानेवारी २००१ पर्यंतची घरे धरली होती. २०२१ मधील सुधारणेने ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. कायद्याने दाखला मिळतो, पण जमिनीचा उतार बदलत नाही. शामरावनगरसारख्या सखल भागात पाऊस थांबल्यावरही पाणी प्लॉटांतून उभे राहते, कारण जुने ओढे-नाले भराव टाकून बुजवलेले असतात आणि काळी माती पाणी लवकर सोडत नाही. अशा भागांतली तक्रार दर पावसाळ्यात तीच असते, फक्त नगरसेवक बदलतात. विश्रामबागचे गुणगान करणाऱ्यांनी हे चार फर्लांगांवरचे चित्र वगळू नये.

९ फेब्रुवारी १९९८ रोजी सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महानगरपालिका झाली. सुमारे ११८ चौरस किलोमीटरचे क्षेत्र. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ५,०२,७९३. तीन गावांची मोट बांधली गेली तेव्हा मधली जागा म्हणून विश्रामबागचे महत्त्व वाढले. मिरजकरांना सांगलीला जायचे नव्हते आणि सांगलीकरांना मिरजेला, अशा परिस्थितीत मधल्या चौकावर दोघांचे जमले, असे थट्टेने म्हणता येईल. जिल्हा पोलिसांचे मुख्यालय विश्रामबागला आहे. जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा न्यायालय यांच्या नव्या इमारती विजयनगरला झाल्यावर कचेरीची कामे घेऊन येणारा माणूस जुन्या राजवाड्याकडे जायचा थांबला. वकिलांची कार्यालये, झेरॉक्सची दुकाने, स्टॅम्पवाले आणि चहाचे गाडे त्याच्या पाठोपाठ आले.

या सगळ्या कारणांच्या तळाशी एक कारण आहे, ते म्हणजे कृष्णा. सांगलीत पुराचे माप १९२९ मध्ये बांधलेल्या आयर्विन पुलापाशी घेतात. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेले आणि हरिपूरच्या पेवांतली हळद कुजली. तोपर्यंत ‘असा पूर जन्मात एकदा’ असे म्हणायची सोय होती. ऑगस्ट २०१९ मध्ये पातळी ५७ फुटांवर गेली. मारुती चौक, टिळक चौक, हरभट रोड, कापड पेठ पाण्याखाली, पेठांतून बोटी. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा ५४ फुटांपलीकडे. या पुरांत विश्रामबाग व त्याच्या पूर्वेचा उंच भाग कोरडा राहिला. पेठेतली माणसे नातेवाइकांकडे, मंगल कार्यालयांत, शाळा-कॉलेजांत इकडेच आली. दुकानदारांनी पूर ओसरल्यावर कुजलेला माल बाहेर काढला, भिंतींवरच्या पाण्याच्या रेघा पुसल्या आणि गोदामासाठी पूर्वेकडे जागा बघायला सुरुवात केली. पूर्वी विश्रामबागला घर घेणे हे ऐपतीचे लक्षण होते, आता जाहिरातीत ‘पूररेषेच्या बाहेर’ हे शब्द बेडरूमच्या संख्येइतकेच ठळक छापतात. गावभागातल्या वाड्याचा वारस विश्रामबागेत फ्लॅट घेतो, वाडा मात्र विकत नाही. गौरी-गणपतीला तो उघडतो.

असे असूनही विश्रामबागला स्वतःची पेठ नाही. शोरूम आहेत, क्लासेस आहेत, संध्याकाळी भेळ आणि वडापावच्या गाड्यांवर गर्दी असते, पण लग्नाचा बस्ता बांधायचा, भांडी-सोने घ्यायचे, गणपतीचे दर्शन घ्यायचे तर पाय पश्चिमेलाच वळतात. तीस-चाळीस वर्षे इथे राहिलेली माणसेही घरातून निघताना ‘गावात जाऊन येतो’ असेच म्हणतात. आणि जुलै-ऑगस्टमध्ये कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली, की पाणी ज्यांच्या दारात येण्याचा संभव नाही अशा या कॉलन्यांतही सकाळी पहिला प्रश्न हाच असतो : आयर्विनला किती फूट?