मंडळाची वेबसाइट: डोमेन कोणाच्या नावावर, कागद कोणते, आणि बंद पडली तर काय पाहायचं

इंदुरातल्या मराठी मंडळांत वेबसाइटचा विषय बहुधा गणपतीच्या आधी निघतो. देणगीसाठी क्यूआर हवा, कार्यक्रमपत्रिका टाकायची आहे, मग कार्यकारिणीतल्या कुणाचा तरी भाचा 'मी करून देतो' म्हणतो आणि रात्रीतून साइट उभी राहते. भाच्याचं काम चांगलंच असतं. फक्त डोमेन, म्हणजे साइटचं नाव, त्याच्या नावावर, त्याच्या जीमेलवर आणि त्याच्याच कार्डावर घेतलेलं असतं. पुढे तो नोकरीसाठी बेंगळुरूला गेला की मंडळाच्या हाती काहीच उरत नाही. म्हणून अर्ज भरण्याआधी हा प्रश्न मिटवा.

डोमेन आणि होस्टिंग, म्हणजे साइटच्या फाइली ठेवायची भाड्याची जागा, वेगवेगळं असतं आणि दोन्हींची मुदतही वेगवेगळी संपते. होस्टिंग आज एकाकडून, उद्या दुसऱ्याकडून घेता येतं, पण नाव एकदा गेलं की गेलं.

डॉट इन नावांचा कारभार 'निक्सी', म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया पाहते, पण सर्वसाधारण नाव घ्यायला थेट तिच्याकडे जायचं नसतं. निक्सी ही डॉट इनची रजिस्ट्री; तिने मान्यता दिलेल्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे नावं विकणाऱ्या कंपनीकडे, अर्ज होतो. डॉट इन, डॉट को डॉट इन, डॉट ऑर्ग डॉट इन कोणीही घेऊ शकतं: व्यक्ती, दुकान, ट्रस्ट, नोंदणी नसलेला भजनी गटही. मुदत 1 ते 10 वर्षं. डॉट जीओव्ही डॉट इन फक्त सरकारी खात्यांना मिळतं. डॉट एसी डॉट इन आणि डॉट ईडीयू डॉट इन शिक्षणसंस्थांसाठी असून ती अर्नेट इंडिया या सरकारी संस्थेकडून मिळतात. तिथे मान्यतेचे कागद लागतात. देवनागरीत डॉट भारतही 2014 पासून मिळतं. दिसायला सुंदर, पण देवनागरी पत्ता अजून बऱ्याच ऑनलाइन फॉर्मना पचत नाही. ते जोडीला घ्या, एकट्यावर विसंबू नका.

आता कागद. व्यक्तीसाठी आधार, पॅन यांसारखं ओळखपत्र पुरतं. संस्थेसाठी रजिस्ट्रार साधारणपणे नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेचं पॅन आणि अधिकृत व्यक्तीचं ओळखपत्र मागतो; यादी रजिस्ट्रारनुसार थोडी बदलते. आपल्याकडची बहुतेक मंडळं मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, 1973 खाली नोंदलेली आहेत, तेच प्रमाणपत्र लावा. दुकानदारांनी गुमास्ता, उद्यम किंवा जीएसटीचा कागद तयार ठेवावा. कोणी मागो न मागो, कार्यकारिणीचा एक ठराव लिहून ठेवा: डोमेन मंडळाचं, व्यवहार सचिव पाहतील.

केवायसी अडकते ती बहुधा नावावर. प्रमाणपत्रावर हिंदीत 'मंडल', पॅनवर इंग्रजीत वेगळं स्पेलिंग, आणि अर्जात सचिवांनी आठवेल तसं लिहिलेलं. रजिस्ट्रंटच्या, म्हणजे डोमेनधारकाच्या, रकान्यात पॅनवरचं नाव अक्षरन् अक्षर उतरवा. ईमेल मंडळाचा स्वतंत्र हवा, पण त्याच डोमेनवरचा नको. डोमेन बंद पडलं तर पासवर्ड बदलायची लिंक येणार कुठे? मोबाइल नंबर पदाधिकारी बदलले की बदला. डॉट कॉम घेतलं असेल तर ईमेल पडताळणीची लिंक येते, ती 15 दिवसांत दाबली नाही तर चालू साइट थांबवली जाते. बिल मंडळाच्या नावाचं घ्या. पहिल्या वर्षाच्या सवलतीला भुलू नका, नूतनीकरणाचा दर आधी विचारा; वर 18 टक्के जीएसटी.

साइट उघडत नसेल तर होस्टिंगवाल्याला फोन करण्याआधी रजिस्ट्रीच्या 'हू इज' पानावर नाव टाका. मुदत संपल्याची तारीख, नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी ठेवणारा सर्व्हर) आणि स्टेटस तिथे दिसतं. 'क्लायंट होल्ड' दिसलं तर रजिस्ट्रारने रोखलंय, 'सर्व्हर होल्ड' म्हणजे रजिस्ट्रीने. दोन्ही वेळा पैसे किंवा केवायसी तपासा. तिथे सगळं ठीक असेल तर डीएनएस, म्हणजे नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणाऱ्या नोंदी, पाहा. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून उघडते, नुसत्या नावाने नाही, असं असेल तर नुसत्या नावाचं 'ए' रेकॉर्ड, म्हणजे सर्व्हरचा पत्ता सांगणारी नोंद, बहुधा राहून गेलंय. मोबाइल डेटावर दिसते पण घरच्या वायफायवर जुनीच दिसते, तर थांबा. जुनी माहिती साठवलेली असते, टीटीएल (ती किती वेळ साठवायची तो आकडा) 86400 असेल तर ते 86400 सेकंद म्हणजे अख्खा दिवस. 'अकाउंट सस्पेंडेड' आलं तर प्रकरण होस्टिंगचं.

होस्टिंग बदलल्यावर साइट चालू, ईमेल बंद, ही तक्रार फार ऐकू येते. नेमसर्व्हर बदलले की जुन्या ठिकाणची रेकॉर्ड आपोआप सोबत येत नाहीत. बदलण्याआधी एमएक्स (ईमेल कुठे पोचवायचा ते सांगणारं) आणि टीएक्सटी (ईमेलच्या पडताळणीचा मजकूर असलेलं) रेकॉर्डचा स्क्रीनशॉट काढा आणि नव्या जागी हुबेहूब भरा. 'नॉट सिक्युअर' दिसलं तर एसएसएल, म्हणजे साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र, बहुधा संपलंय; फुकटचं प्रमाणपत्र बहुधा 90 दिवसांचं असतं आणि डोमेन दुसऱ्याच सर्व्हरकडे वळलेलं असेल तर ते आपोआप नवं होत नाही.

डोमेन अजून भाच्याच्याच नावावर असेल तर तो फोन उचलतोय तोवर काम उरका. त्याच्या खात्यातून रजिस्ट्रंट बदलून मंडळाचं नाव घाला, नवी केवायसी करा, आणि रजिस्ट्रार बदलायचा असेल तर ट्रान्सफरचा कोड त्याच्याकडून घ्या. तो नाही म्हणाला तर रजिस्ट्रारच्या लेखी मालक तोच. मग उरतो डॉट इनच्या वादनिवारण धोरणाखालचा लवादाचा अर्ज, आणि त्यात नाव आपलं असल्याचं व समोरच्याचा हेतू वाईट असल्याचं मंडळालाच दाखवावं लागतं.