गावाचा फोटो आणि शहरातली भिंत: फिल्मवरच्या भटकंतीची पार्श्वभूमी

गेल्या काही वर्षांत फिल्म कॅमेरा पुन्हा रस्त्यावर दिसू लागला आहे. घरातल्या कपाटात पडून असलेला याशिका किंवा पेंटॅक्स दुरुस्त करून घ्यायचा, पिशवीत दोन-चार रोल टाकायचे आणि हमरस्ता सोडून माण-खटाव, संगमेश्वर, मेळघाट असं कुठं तरी निघायचं, असं करणारी तरुण मंडळी पुण्या-मुंबईत आणि नाशिक-कोल्हापुरातही भेटतात. काढलेले फोटो कधी तरी एखाद्या छोट्या कलादालनात लागतात. ही परदेशातून आलेली लाट आहे असं म्हटलं जातं आणि ते खोटं नाही. पण कॅमेरा घेऊन गावाकडं जायचं आणि जे मिळालं ते चारचौघांना दाखवायचं, ही रीत आपल्याकडं पावणेदोनशे वर्षांच्या घरातली आहे. या सगळ्या काळात एक गोष्ट मात्र फारशी बदलली नाही. फोटो गावाचा असायचा आणि तो लागायचा शहरातल्या भिंतीवर.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या सभासदांत इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही होते. मूळचं गोव्यातल्या मांद्र्याचं हे घराणं. नारायण दाजी स्वतः फोटो काढत आणि सोसायटीच्या कामात त्यांचा सहभाग होता. १८५५मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही सुरू झाला. म्हणजे ही कला इथल्या लोकांच्या हातात फार लवकर आली. तिच्यावर पहिल्यापासून गोऱ्या साहेबाचीच मक्तेदारी होती, ही समजूत चुकीची आहे.

त्याच १८५५ साली मुंबई सरकारनं तोफखान्यातल्या कॅप्टन थॉमस बिग्जला जुन्या इमारतींचे फोटो काढायच्या कामावर नेमलं. बिग्ज विजापूर, बदामी, ऐहोळे या भागात फिरला. रेल्वे तेव्हा कल्याणच्या आसपास पोचली होती, त्यामुळं पुढचा प्रवास जुन्याच वाटांनी. त्याच्याकडं काचा नव्हत्या, कागदी निगेटिव्ह होत्या. कागदाला चांदीचे क्षार लावायचे, तो कॅमेऱ्यात घालायचा, त्यावर उजेड पडू द्यायचा आणि मग रसायनांत धुऊन प्रतिमा बाहेर आणायची. कागद हलका, फुटायची भीती नाही, म्हणून लांबच्या वाटेला सोयीचा. वर्ष संपता संपता त्याला लष्करी कामावर परत बोलावलं गेलं आणि त्याच्या जागी डॉ. पिगू आला. पण गोल घुमटाचे आणि ऐहोळेच्या देवळांचे ते फोटो अभ्यासकांना आजही लागतात.

लष्करी अधिकारी आणि चित्रकार रॉबर्ट गिलची गोष्ट याहून चटका लावणारी. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला रंगवण्यासाठी तो १८४०च्या दशकात तिथं आला आणि राहिलाच. त्याच्या सहवासात राहिलेल्या पारो या स्थानिक स्त्रीची अजिंठा गावातली कबर लोक अजून दाखवतात. गिलची बरीचशी चित्रं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेली होती. १८६६च्या आगीत ती जळाली. तोवर गिलनं कॅमेरा हाती घेतला होता आणि लेण्यांचे जोडफोटो, म्हणजे दोन भिंगांतून पाहिल्यावर खोली दिसणारे स्टिरिओ फोटो, १८६४मध्ये छापूनही आले होते. त्या काळची ओल्या काचेची पद्धत जिकिरीची होती. काचेवर कोलोडियनचा चिकट थर ओतायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि थर ओला असेतोवर, म्हणजे जेमतेम दहा-पंधरा मिनिटांत, फोटो काढून धुऊनही टाकायचा. अजिंठ्याच्या वाघोरा नदीकाठच्या उन्हाळ्यात तो थर किती झपाट्यानं वाळत असेल! अंधारी राहुटी, पाणी, बाटल्या, काचांच्या पेट्या असा सगळा सरंजाम बरोबर लागायचा. गिल १८७९मध्ये वारला आणि भुसावळला पुरला गेला. अजिंठ्यात काढलेलं त्याचं काम पाहिलं ते लंडननं.

पुढं कोरड्या काचा आल्या, मग रोल आला आणि कॅमेरा गळ्यात अडकवण्याएवढा झाला. पण गावातल्या माणसाचा फोटोशी संबंध आला तो वेगळ्या वाटेनं, तालुक्याच्या स्टुडिओतून आणि जत्रेतून. जत्रेत पाल ठोकून बसलेल्या फोटोवाल्याकडं रंगवलेला पडदा असायचा. त्यावर महाल, कारंजं, नाही तर विमान. पंढरपुरात विठ्ठल-रखुमाईच्या पडद्यापुढं जोडीनं फोटो काढून घेणं हा वारीचाच एक भाग झाला. तो फोटो घरी येऊन माजघरात लागायचा. जुन्या घरात गेलात तर बघा: दरवाजाच्या वर, हाताला न लागेल इतक्या उंचीवर, फ्रेमा ओळीनं टांगलेल्या असतात. खालची कड खिळ्यावर टेकलेली, वरची कड सुतळीनं पुढं झुकवलेली, म्हणजे खाली बसलेल्याला काच न चमकता चेहरा दिसावा. आजोबांच्या फ्रेमला चंदनाचा हार, शेजारी लग्नातला जोडीचा फोटो, एखाद्या फ्रेमच्या कोपऱ्यात नंतर खोचलेला नातवाचा पासपोर्ट फोटो. कोणता फोटो कुठं लावायचा हे घरातल्या बाईनं नीट विचार करून ठरवलेलं असतं. कलादालनाच्या इतिहासात याची नोंद कुणी घेत नाही. माझ्या मते गावातलं पहिलं छायाचित्र-प्रदर्शन हेच आणि आज गावात प्रदर्शन भरवू पाहणाऱ्यानं उंची, उजेड आणि मांडणी इथूनच शिकावी.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध होते, त्यामुळं कॅमेरा आणि रोल दोन्ही जपून वापरायच्या वस्तू. मध्यमवर्गीय मराठी घरात आला तो बहुधा आग्फा क्लिक थ्री. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजनं इथंच बनवलेला साधा पेटीवजा कॅमेरा, १२० नंबरचा रोल आणि बारा चौकोनी फोटो. बारा फोटोंत आख्खी सहल बसवायची, म्हणून सगळ्यांना एका ओळीत उभं करायचं आणि सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी ठेवायचा. त्या फोटोंत सगळ्यांचे डोळे मिचमिचे दिसतात ते याच नियमामुळं. सरकारनं १९६०मध्ये उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा कारखाना उभारायचं ठरवलं. १९६७पासून तिथं उत्पादन सुरू झालं आणि ‘इंदू’ नावाचा देशी कृष्णधवल रोल बाजारात आला. त्याच्या जोडीला पूर्व जर्मनीचा ऑर्वो होता. हौशी लोक तो लांबलचक बल्क रोल घेऊन अंधारात कापून रिकाम्या डब्यांत भरत, कारण तसा तो स्वस्त पडायचा.

कॅमेरा घेऊन खेड्यात जाण्याला खरी दिशा दिली ती माझ्या दृष्टीनं बडोद्याच्या ज्योती भट्टांनी. मुळात ते चित्रकार आणि मुद्राचित्रकार, म्हणजे ठशांवरून चित्रं छापणारे. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात एका परिसंवादासाठी त्यांनी गुजरातच्या लोककलेचे फोटो काढले आणि मग हे काम त्यांना सुटलंच नाही. पुढची कित्येक वर्षं ते खेडोपाडी फिरत राहिले. अनेकदा शिल्पकार-छायाचित्रकार राघव कनेरिया बरोबर असत. भिंतीवरची चित्रं, अंगणातल्या रांगोळ्या, हातावरचं गोंदण हे त्यांचे विषय. त्यांचा फोटो पाहिला की लक्षात येतं, ते चित्र सुटं काढत नाहीत. रंगवलेल्या भिंतीपुढं ती रंगवणारी बाई उभी असते, बाजूला खाट असते, दारात वासरू असतं. पुसली जाणारी रांगोळी कुणाच्या हातची होती, कुठल्या उंबऱ्यापुढची होती, हे त्यामुळं टिकलं. याच सुमारास बडोद्याच्या या वर्तुळातल्या चित्रकारांच्या फोटोंचं प्रदर्शन मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीत झालं. जहांगीर १९५२ला सुरू झालेली. तिच्या भिंतीवर फोटोला चित्राच्या बरोबरीची जागा मिळणं ही तेव्हा मोठी गोष्ट होती. भट्टांना २०१९मध्ये पद्मश्री मिळाली.

रंगीत फिल्मवर हेच काम रघुबीर सिंह यांनी केलं. भारतातले रस्ते त्यांनी उभे-आडवे पालथे घातले आणि १९९९मध्ये निधन होण्यापूर्वीचं त्यांचं शेवटचं मोठं काम अॅम्बॅसिडर गाडीभोवती फिरणारं होतं. गाडीची काच, दार, आरसा यांच्या चौकटीतून दिसणारा रस्ता. रस्त्यावरून फोटो काढणाऱ्याच्या हातात गाडी आहे आणि समोरच्याच्या हातात नाही, हा फरक त्या फोटोंत लपवलेला नाही, म्हणून ते मला मोलाचे वाटतात.

याउलट सलोनच्या, म्हणजे छायाचित्र संस्थांनी भरवलेल्या प्रदर्शनांच्या, स्पर्धांनी गावाचं नुकसान केलं, असं माझं स्पष्ट मत आहे. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया १९३७ची, फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी १९५३ची. त्यांच्यामुळं गावोगावच्या हौशी माणसांना डार्करूम, चांगला प्रिंट आणि शिस्त मिळाली, हे ऋण मोठं आहे. पण परीक्षकांना आवडणाऱ्या विषयांची एक ठरावीक यादी झाली: धूळ उडवत परतणारा कळप, सुरकुतलेली म्हातारी, पागोट्यातला शेतकरी, तिरप्या किरणांतला धूर. प्रिंटच्या मागं स्वीकृतीचे शिक्के वाढत गेले. म्हातारीचं नाव मात्र कुठंच लिहिलेलं नसे आणि तिला तो प्रिंट पाहायलाही मिळत नसे.

नव्वदच्या दशकात मिनीलॅबनं तासाभरात रंगीत फोटो हातात दिले आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत डिजिटलनं सगळंच आवरलं. कोडॅकनं जानेवारी २०१२मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. उटीचा कारखाना बरीच वर्षं आजारी राहून २०१८च्या सुमारास कायमचा बंद झाला. आता आपल्याकडं रोल बाहेरूनच येतो आणि महाग पडतो. म्हणून सिनेमाची फिल्म डब्यांत भरून विकणारे छोटे विक्रेते पुढं आले आहेत. त्यातल्या बऱ्याच फिल्मच्या पाठीला काजळीसारखा काळा थर असतो, तो आधी काढावा लागतो. नेहमीच्या रंगीत रसायनात तशीच टाकली तर रसायनच खराब होतं. आपल्या हवेतल्या अडचणी वेगळ्याच. उन्हात उभ्या गाडीत रोल ठेवला तर रंग बिघडतात. कोकणातल्या पावसाळ्यात तर भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते.

प्रदर्शनांचं चित्र मात्र थोडं हललं आहे. १९ ऑगस्टला, म्हणजे १८३९ साली फ्रान्सनं डॅगेरोटाइप या छायाचित्रणाच्या सुरुवातीच्या पद्धतीची कृती जगाला खुली केली त्या दिवशी, महाराष्ट्रातल्या कितीतरी तालुक्यांत फोटोग्राफर संघटना कॅमेऱ्याची पूजा करतात आणि काही ठिकाणी सभागृहात प्रदर्शनही भरवतात. लग्नाचे फोटो काढून पोट भरणारी ही माणसं त्या दिवशी स्वतःच्या आवडीचे फोटो लावतात आणि ते बघायला बाजाराला आलेला माणूसही आत शिरतो. गोव्यात २०१९मध्ये गोवाफोटो महोत्सव हळदोण्यातल्या राहत्या घरांत भरला. फोटो पाहायला लोकांच्या ओसरीवरूनच आत जायचं होतं.

फिल्म घेऊन तालुक्याच्या रस्त्याला लागणाऱ्यांनी आणखी एक काम हाती घ्यावं. बंद पडलेल्या स्टुडिओंच्या माळ्यावर निगेटिव्हचे खोके आहेत. काचा फुटतात, ॲसिटेटच्या फिल्मला दमटपणानं व्हिनेगरसारखा वास सुटतो आणि ती आक्रसते, घर विकलं की खोके भंगारात जातात. पाकिटांवर बहुतेक वेळा नाव आणि तारीख लिहिलेली असते. स्टुडिओवाल्याची परवानगी घेऊन ते खोके कोरड्या जागी हलवायचे, पाकीट आणि निगेटिव्ह यांची ताटातूट होऊ द्यायची नाही आणि साध्या लाइट-टेबलावर, म्हणजे खालून उजेड येणाऱ्या काचेवर, एकेक पट्टी मोबाइलनं टिपून ठेवायची, एवढं तर कुणालाही जमेल. त्या पाकिटांवरची नावं वाचून चेहरा ओळखू शकतील अशी माणसं अजून त्याच गावात राहतात आणि ती ऐंशीच्या पुढं गेलेली आहेत.