महिलांची सायकलिंग शॉर्ट

सायकलिंग शॉर्ट म्हणजे अंगाला चापून बसणारी, आत पॅड शिवलेली अर्धी पँट. सीटवर बराच वेळ बसलं की जे टोचतं, घासतं, काचतं ते कमी व्हावं म्हणून ही घालतात. बायकांसाठी यात बरेच प्रकार आहेत, कंबरेला इलॅस्टिक असलेली साधी शॉर्ट, खांद्यावर पट्टे असलेली बिब शॉर्ट, वरून सैल आणि आत पॅडवालं लायनर म्हणजे घट्ट आतली शॉर्ट असलेली बॅगी, स्कर्टखाली शॉर्ट जोडलेला स्कॉर्ट, थ्री-फोर्थ, थंडीतली टाइट्स. कुठलीही घ्या, आधी बघायचं ते एकच, पॅड आपल्या बैठकीच्या हाडांखाली येतंय का.

पॅडला शॅमी म्हणतात. शॅम्वा नावाचा डोंगरात राहणारा बकरीसारखा प्राणी आहे, पूर्वी लोकरीच्या शॉर्टमध्ये मऊ कमावलेलं कातडं शिवायचे त्यावरून हे नाव पडलं. ते कातडं धुतलं की कडक व्हायचं मग क्रीम चोळून मऊ करावं लागायचं, आता कातडं गेलं पण शॅमी क्रीम राहिलं, फक्त ते घासू नये म्हणून त्वचेला लावतात. १९५८ साली ड्युपॉन्टमध्ये जोसेफ शिव्हर्सनी स्पॅन्डेक्सचा धागा शोधला, तोच पुढे लायक्रा म्हणून खपला आणि लोकरीची जागा त्याने घेतली.

बसल्यावर भार दोन बैठकीच्या हाडांवर येतो आणि बायकांमध्ये या हाडांमधलं अंतर सरासरी जास्त असतं, म्हणून बायकांचं पॅड मागे रुंद असतं. पण सरासरी म्हणजे आपण नव्हे. घरीच मोजता येतं, कडक स्टुलावर नालीदार पुठ्ठा ठेवायचा, त्यावर बसून थोडं पुढे वाकायचं, टाचा उचलायच्या आणि उठल्यावर पुठ्ठ्यात जे दोन खड्डे पडतात त्यांच्या मध्यांमधलं अंतर घ्यायचं. पॅडचा जाड भाग तेवढ्या अंतरावर यायला हवा. आणि आपण सायकलवर ताठ बसतो की वाकून हेही बघा, वाकून बसणाऱ्यांचा भार पुढे सरकतो त्यांना पुढच्या बाजूलाही नीट आधार लागतो.

जाड पॅड म्हणजे जास्त आराम हा समज मात्र डोक्यातून काढून टाका. मऊ जाड फोम हाडांखाली दबतो आणि मधल्या नाजूक भागावर वर येतो, मग तिथेच मुंग्या येतात, बधिर होतं. दाट, पातळ वाटणारा फोम लांबच्या राइडला बरा.

आत अंडरवेअर घालायची नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्या बहुतेक जणी दचकतात पण अंडरवेअरच्या शिवणी आणि त्यात अडकलेला घाम यानेच पुरळ उठतं, फोड येतात.

घालून बघताना आरशासमोर ताठ उभं राहू नका, तसं पॅड लंगोटासारखं लोंबल्यागत वाटणारच. सायकलवर बसतो तसं वाकून बघा, कापडाला सुरकुती नको, पॅड जागचं हलायला नको, मांडीवरच्या ग्रिपरने, म्हणजे शॉर्टची कड धरून ठेवणाऱ्या पट्टीने, वळ उठायला नको.

बिब शॉर्टला पोटावर इलॅस्टिक रुतत नाही म्हणून लांबच्या राइडला ती खरंच सुखाची, अडचण बाथरूमची. पट्टे काढायचे तर आधी जर्सी काढा. मागून खाली सरकणारी किंवा मागे हुक असलेली बिब मिळते, माझ्या मते बायकांनी तीच घ्यावी, कारण नाहीतर जायला लागू नये म्हणून पाणीच कमी प्यायलं जातं. पाळीत सॅनिटरी पॅड शॅमीवर सरकतं, घासतं, अनेकींना कप किंवा टॅम्पॉन जास्त सोयीचं पडतं.

राइड संपली की शॉर्ट लगेच उतरवा, उलटी करून गार पाण्यात साध्या साबणाने धुवा, फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याने कापड घाम शोषून बाहेर टाकेनासं होतं. मागचं कापड उजेडात धरल्यावर आरपार दिसायला लागलं की नवी घ्यायची वेळ झाली. आणि दोन-तीन चांगल्या शॉर्ट्स बदलूनही दुखतच असेल तर शॉर्टला दोष देऊ नका, त्याच पुठ्ठ्याच्या मापाने सीट किती रुंद हवी ते बघा.