टोकियोला जाताना आठ तास, परतताना साडेनऊ

दिल्ली ते टोकियो हे सरळ अंतर सुमारे 5,860 किलोमीटर. हिवाळ्यात थेट विमान जाताना साधारण आठ तास घेतं, परतताना साडेनऊच्या आसपास. (तिकिटावरच्या वेळा त्या-त्या देशातल्या असतात, त्यामुळे मधला साडेतीन तासांचा फरक धरूनच हिशोब करावा.)

कारण विचारलं की हमखास उत्तर येतं, ‘पृथ्वी फिरते ना!’ पण पृथ्वी पूर्वेकडे फिरते. ती विमानाखालून नुसती सरकत असती, तर परतताना दिल्लीच आपल्या दिशेनं आली असती आणि वेळ कमी लागला असता. घडतं नेमकं उलट. हवा जमिनीबरोबरच फिरते. तसं नसतं, तर दिल्लीत रात्रंदिवस ताशी 1,450 किलोमीटरचा वारा सुटला असता.

खरं कारण आहे जेट प्रवाह, म्हणजे विमानं उडतात त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वारा. गरम हवा फुगते, म्हणून विषुववृत्ताकडे हवेचा थर जाड असतो आणि ध्रुवाकडे बसका. दहा किलोमीटर उंचीवर दक्षिणेकडे अजून बरीच हवा वर शिल्लक असते, उत्तरेकडे कमी. त्यामुळे त्या उंचीवर दक्षिणेला दाब जास्त आणि हवा उत्तरेकडे ढकलली जाते. पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे तो इथे: उत्तर गोलार्धात वाहती हवा उजवीकडे वळते. दाबाचा रेटा आणि हे वळण यांची बरोबरी झाली, की वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत राहतो. तापमानातला फरक जितका तीव्र, तितका वारा जोरदार. हिवाळ्यात एका बाजूला गोठलेला सायबेरिया आणि दुसऱ्या बाजूला उबदार प्रशांत महासागर, म्हणून जपानवर हा वारा कधीकधी ताशी 300 किलोमीटरच्याही वर जातो.

त्याचा शोधही जपानातच लागला. टोकियोजवळच्या तातेनो वेधशाळेत हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी फुगे सोडत आणि ठिपक्याएवढा झालेला फुगा दुर्बिणीतून दिसेनासा होईपर्यंत त्याचे कोन टिपून घेत. 1926 साली त्यांनी आपली निरीक्षणं छापली ती एस्पेरांतो या सगळ्या देशांसाठी मुद्दाम तयार केलेल्या भाषेत, जगानं वाचावी म्हणून. जगानं ती वाचली नाहीत. 1944 च्या अखेरीस टोकियोवर उंचावरून बॉम्ब टाकायला आलेल्या अमेरिकी वैमानिकांना हा वारा अंगावर आल्यावरच कळला.

आता गणित. विमानाचा हवेतला वेग ताशी 900 आणि वारा सरासरी 100 धरा. जाताना जमिनीच्या हिशोबानं वेग 1,000, म्हणजे 5 तास 52 मिनिटं. येताना 800, म्हणजे 7 तास 20 मिनिटं. प्रत्यक्ष मार्ग वळसे घेतो, चढ-उताराचा वेळही असतो, म्हणून तास वाढतात, पण फरक तोच दीड तासाचा. मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे बेरीज: 13 तास 12 मिनिटं. वारा नसता तर 13 तास 1 मिनिट लागले असते. जाताना वाचलेला वेळ येताना पुरत नाही, कारण उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ अडकून राहतो.

जुलैत हाच प्रवाह मंदावून उत्तरेला सरकतो आणि जाण्या-येण्यातला फरक बराच कमी होतो.